ओहोटीचं पाणी

फावला नदी संपते.
पुढे चिखल, चिखलापुढे आखात,
आणि आखाताच्या टोकाला कुठेतरी आपला समुद्र,
असं लान्सनायक कदम बोट दाखवून सांगतो,
दर वेळी वेगळ्या दिशेला.

सुभेदारानं विचारलं होतं, खाडीकाठचा कोण आहे रे?
मी हात वर केला.
तेव्हापासून माझी बंदुकीपेक्षा
पिंपांशीच जास्त ओळख.
भरतीला नदी खारते, ओहोटीला पिण्याजोगी होते.
तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ येते,
हे मी घरून शिकून आलेलो.
इथे ते गणित चुकलं.
दोन दिवस खजुराची झावळी रोवून खुणा केल्या.
फरक दीड तासाचा.
साहेबानं तो वहीत लिहून घेतला,
माझं नाव सोडून.

पहाटे बिगुल. आधी खेचरं पितात, मग आम्ही.
दहानंतर संगिनीला हात लावायचा नाही,
कातडी सोलून येते.
आटा रोज, भात रविवारी,
आणि रविवारी माश्या आमच्या आधी जेवून घेतात.
दुपारी तंबूत कोणी बोलत नाही.
जासिम नावाचा पोर तेवढा अंडी घेऊन येतो,
आमचाच शब्द शिकलाय, लांबूनच ओरडतो, पानी, पानी,
आणि अंड्याचा भाव वाढवतो.

लाम इथे नाही. ती नदीच्या वरच्या अंगाला.
आम्हाला बोटींतून दिसते:
जाताना उभी माणसं, येताना आडवी.

संध्याकाळी पत्रं.
चौथी पास मी एकटा,
म्हणून चाळीस जणांचे संसार माझ्या शिसपेनीला.
गावाचं नाव लिहू नये, बोटी लिहू नयेत,
कोण आजारी ते लिहू नये. साहेब काळं फासतो.
उरतं ते: मी खुशाल, तुमची खुशाली कळवणे.

राघू सकपाळला एवढं पुरायचं नाही.
लिही म्हणायचा, पाड्याला वेसण घातली का.
लिही, घाबरायचं नाही, मान दाबून धरायची.
त्याच्या बायकोचं उत्तर शाळामास्तरच्या अक्षरात यायचं,
कोरल्यासारखं, 'ळ'ला एक जास्तीची गाठ.
ती दोघं अंगठेबहाद्दर.
बोलायचो आम्ही, मास्तर आणि मी,
कधी न भेटलेले दोन पुरुष.
पायाला भेगा पडल्यात का, मास्तर विचारायचा.
पडल्यात, मी लिहायचो, तेल लावतो.
आणि लाजून शिसपेनीला टोक काढत बसायचो.

राघू आषाढात गेला. गोळी नाही. ऊन.
सावलीत आणून डोक्यावर पाणी ओतलं,
एक पिंप, मग दुसरं.
त्या दिवशी खेचरं तहानेली राहिली.
मला कोणी काही बोललं नाही.

काल डाक आली. पाकिटावर सकपाळ,
त्या 'ळ'ला तीच गाठ.
सरकारी कागद अजून गावात पोचलेला नाही,
किंवा हे पत्र त्याच्या आधी निघालं.
पाड्याला वेसण घातली. दोन माणसं लागली.
तिकडचं पाणी गोडं आहे का?

मास्तर, हे तुम्हालाच.
साहेबानं काही फासलं नाही तर
पहिल्या चार ओळी पाड्याबद्दल आहेत,
त्या तिला आधी वाचून दाखवा.
नाकाची जखम चिघळू देऊ नये, हळद भरावी,
हे राघूचंच आहे, त्यानं आधीच सांगून ठेवलेलं.
मग पाण्याचं: गोडं आहे,
वेळ बघून भरावं लागतं.
पाचवी ओळ मी अजून लिहिली नाही.
तुम्ही ती कशी वाचाल ते कळल्याशिवाय
मला लिहिता येत नाही,
आणि विचारायचं तर जायला-यायला तीन महिने.

कदम हाक मारतोय, पाणी उतरलं.
शिसपेन कानावर ठेवतो.
रिकामी पिंपं गडगडत निघालीत धक्क्याकडे,
जासिम मागोमाग, पानी, पानी.
नदी पुन्हा खारायच्या आत
बारा भरायचीत.